कोनच्या अंगणातला चार्जर

कोन, ता. भिवंडी
९ मार्च २०२५

चि. भाविक,

आशीर्वाद. विनितालाही सांग. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने दुखतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. ऊन यंदा आधीच येऊन बसलंय, आणि कल्याण रोडला गोडाऊनचे कंटेनर इतके वाढलेत की अंगणात वाळत घातलेल्या सुकटीत मासा किती आणि धूळ किती ते देवाला ठाऊक.

पत्र बघून दचकू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. फोनवर काही सांगायला जावं तर तू म्हणतोस, "आई, पटकन बोल." मी काय लिलाव पुकारते का पटकन बोलायला? जन्म गेला अंगणवाडीची रजिस्टरं लिहिण्यात, हाताला सवय आहे. म्हणून लिहिते. तू सावकाश वाच.

तर बातमी अशी की मी आपल्या घरी तुझ्या गाडीसाठी चार्जर बसवून घेतला.

हो, खरंच! दर वेळी तू येतोस, चहा होतो, जेवायला बसतोस, आणि हात धुतला की सुरू: "आई, निघायला पाहिजे, गाडी चार्जिंगला लावायची आहे, सोसायटीत रात्रीचा नंबर असतो." विजेची गाडी घेतल्यापासून हेच ऐकते आहे. मग म्हटलं, पाहुण्याच्या बैलाला वैरण नाही म्हणून पाहुणा परत जातो, तर वैरण आपणच आणून ठेवावी. आधी मच्छर म्हणालात, खिडक्यांना जाळ्या लावल्या. विनिताला उकडतं म्हणालात, आतल्या खोलीत एसी बसला. आता ही गाडी. तीपण सोय झाली.

काम शेलार गावच्या दीपेशने केलं. आपल्या घराची वायरिंग करणाऱ्या नवशाचा मुलगा. पहिलं काय विचारलंन, तर "काकी, गाडी कुठं हाय?" मी म्हटलं, "गाडी येयाची हाय." शेजारची गुणाबाई कंपाउंडला टेकून बघत होती, ती लगेच, "बाजारात तुरी न भट भटणीला मारी!" मी म्हटलं, गुणाबाई, तू चहा पी आणि गप बस. ती चहा प्यायली, पण गप काही बसली नाही.

अर्थिंगसाठी खड्डा खणायला लागला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालतात, हे मला माहीत नव्हतं. दीपेश भीत भीत म्हणाला, "काकी, खडे मीठ लागंल, जरा जास्त." मी म्हटलं, अरे पोरा, आगऱ्याच्या घरात येऊन मीठ मागताना लाजतोस? माझ्या आज्याने मिठागरात पाय झिजवले. काढून दिलं पोतं. आता उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी सोडायचं असतं, नाहीतर जमीन सुकते आणि अर्थिंग नीट लागत नाही. तुळशीला घालते तेव्हा त्यालाही घालते.

एक सांगायचं राहिलं. मोठा, भराभर चार्ज करणारा घ्यायचा तर मीटरचा लोड वाढवायला लागतो. मीटर अजून जुन्याच नावावर आहे. आधी नाव बदला, मग अर्ज, त्याला दाखला जोडा, असं वीज ऑफिसात म्हणाले. तो दाखला कपाटात आहे. मी काही काढला नाही. कशाला उगाच. मग दीपेशने लहान चार्जर बसवला, त्याला आहे तो लोड पुरतो. हा हळू भरतो. रात्रभर लावून ठेवायची आणि सकाळी गाडी फुल्ल. मी म्हटलं, हाच बरा.

आता ऐक. चैत्र पौर्णिमेला गावदेवीची जत्रा. शनिवारी संध्याकाळपासून रोषणाई, आणि रविवारी पहाटे पालखी दारात येते. दोन वर्षं आपल्या दारात आरतीचं ताट तुझा चुलतभाऊ प्रितम धरतो. तो चांगला आहे, पण घर तुझं आहे. या वेळी शनिवारी या, राहा, पहाटे ताट तू धर. गाडीची काळजी माझ्याकडे लागली.

विनिताला विचार, कोंबडी सुकी करू की रश्शाची.

तुझी,
आई


१४ एप्रिल २०२५

चि. भाविक,

आशीर्वाद. नीट पोचलात हे विनिताच्या मेसेजवरून कळलं. तिने अंगठा पाठवला होता, मीपण अंगठा पाठवला.

पालखी छान झाली. यंदा फुलांची सजावट जोरदार होती. ताट प्रितमने धरलं. पालखी दारात थांबली तेव्हा पुजारी म्हणाले, "काल भाविक दिसला व्हता, गेला का?" मी सांगितलं, गाडीला चार्जर बसला न्हाय, म्हणून जायला लागलं. त्यावर गुणाबाई काय म्हणाली माहितेय? "आमचा बैल बरा व्हता बाय, कंचाबी पेंढा खायाचा." सगळे हसले. मीपण हसले. पालखीसमोर रडतं का कोणी?

पण भाविक, चूक माझीच. मी तुला आधी विचारायला पाहिजे होतं, कुठला प्लग लागतो म्हणून. मला वाटलं, मोबाइलसारखं असेल, हल्ली सगळ्यांना एकच चालतो. तू बिचारा अंगणात उभा राहून लांबूनच म्हणालास, "आई, हा वेगळा आहे, आपल्या गाडीला नाही लागत." हातात धरूनसुद्धा बघितलं नाहीस, इतकं तुला बघताक्षणी कळलं. इंजिनियरचा डोळा तो.

दुसऱ्याच दिवशी दीपेशला बोलावून झापझाप झापला. तो शपथेवर सांगतो, "काकी, चारचाकीला हाच लागतो, दुसरा येतच न्हाय." मी म्हटलं, माझा पोरगा मोठ्या कंपनीत हाय, त्याच्यापेक्षा तुला जास्त अक्कल का? पोरगा तोंड एवढंसं करून गेला. जाताना म्हणाला, "दादाला गाडीच्या खाचेचा फोटो पाठवायला सांगा, मी बघतो, बदलून देतो."

तेवढा फोटो पाठव. झाकण उघडून, उजेडात काढ. गणपतीच्या आत बदलून होईल.

कोंबडी उरली ती प्रितमच्या घरी दिली. गाद्यांना ऊन दाखवून परत गुंडाळून ठेवल्यात. विनिताची कानातली आरशापाशी राहिलीत, डबीत ठेवते.

फोटो विसरू नकोस.

तुझी,
आई


३ मे २०२५

भाविक,

आशीर्वाद.

फोटो आला नाही. राहू दे, आता नको पाठवूस.

दहा-बारा दिवसांपूर्वी प्रितमच्या बायकोने, निशाने गाडी घेतली. सेकंडहँड आहे, पण आहे तुझीच. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगही तोच. मला तर फाटकातून आत येताना तूच वाटलास. मी पदराला हात पुसत पायरी उतरले, आणि निशा बाहेर आली.

ती म्हणाली, "काकी, आमच्या घराची वायर जुनी हाय, तुमच्या चार्जरला लावू का? बिलाचं बघू आपण." मी म्हटलं, "लाव बाय, पण बसायचा न्हाय तो. भाविकच्या गाडीला बसत न्हाय, तुझीपण तीच हाय." तिने झाकण उघडलं, प्लग लावला. टक करून बसला. हिरवी बत्ती लागली.

निशा म्हणाली, "बसला की!" मी म्हटलं, "हो गं, बसला."

चहा करते म्हणून आत गेले. ओट्यापाशी उभी राहिले, तर मला साखर कुठे ठेवते ते आठवेना. बाहेर ती प्रितमशी फोनवर बोलत होती, खुशीत होती. ठाण्याला रोज जाऊन येऊन चार-चार दिवस चार्ज करायला लागत नाही, असं सांगत होती. तुझं खारघर काय चंद्रावर आहे का रे? तू दहा वेळा येऊन गेला असतास त्या बॅटरीत. आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तुला सुट्टीच होती, हेही मला तेव्हाच सुचलं. किती ढ असावं माणसाने!

राग आला. खोटं कशाला बोलू, लय राग आला. चहा निशाला दिला आणि तुला फोन लावला. तू उचललास. "बोल आई, पटकन," म्हणालास. आणि मी विचारलं, जेवलास का.

मग आठवडाभर त्या खड्ड्यात पाणी सोडलं नाही. काल सोडलं, निशाची गाडी लागते म्हणून.

वाईट वाटलं भाविक. तू राहिला नाहीस म्हणून जेवढं वाटलं नव्हतं, त्याहून जास्त तू माझ्यासाठी एवढी कारणं जमवतोस म्हणून वाटलं. मच्छर काढले, उकाडा काढला, चार्जिंग काढलं. आता चौथं काय सांगशील आणि मी वेड्यासारखी त्याच्यामागे धावेन, याची मलाच भीती वाटायला लागली. दीपेशलाही उगाच बोलले. त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "काकी, जाऊ द्या, पाहुण्यांचं असंच असतं." तू पाहुणा आहेस असं त्याला वाटलं. मी दुरुस्त केलं नाही.

तुझे बाबा गेल्यापासून तू या घरात एकदाही झोपला नाहीस. हे मी लिहिणार नव्हते. आपण त्यांचं नावच काढत नाही ना. तू येतोस, त्यांच्या खुर्चीवर बसत नाहीस, फोटोकडे पाठ करून जेवतोस. मी बघते. मला दिसत नाही असं समजू नकोस. मीपण तशीच. मीटर त्यांच्या नावावर राहू दिला तो कशासाठी? बिल येतं, त्यावर श्री. पंढरी म्हणून छापून येतं, तेवढं एक घरात अजून श्री. म्हणून येतं. दाखला जोडला की तेही बंद.

तुला हे घर त्यांच्याशिवाय नको वाटतं, होय ना? तसं असेल तर मी तुला काय बोलू? मलापण नको वाटतं रे. पण तुझ्याकडे निघून जायला गाडी तरी हाय.

मुक्काम मुक्काम म्हणून मी एवढी मागे का लागले, ते सांगते. रात्रीचं मला काही नव्हतं. मला एक सकाळ पाहिजे होती. मी उठावं, आणि घरात कोणीतरी झोपलेलं असावं. दाराची कडी आवाज न करता काढावी, भांडं हळू ठेवावं, रेडिओ लावायचा नाही. बाबा असताना मी त्यांच्यावर किती खेकसायचे, उठा की, दिवस केवढा वर आला, म्हणून. आता मी पहाटे डबे आपटते. मुद्दाम आपटते कधी कधी. कोणी म्हणत नाही, "हौसे, जरा हळू."

तेवढंच पाहिजे होतं. चार्जरने ते मिळेल असं वाटलं मला.

खारघरला येऊन राहा असं तू म्हणतोस, ते मनापासून म्हणतोस, मला माहीत आहे. तिथे मी दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी मला इथल्या खड्ड्यात पाणी कोण सोडेल याची चिंता लागते. आधी तुळशीची लागायची. माणसाला काहीतरी लागतंच.

आता मुद्द्याचं. निशाने मला विचारलं, "काकी, दादाच्या गाडीला कसा काय न्हाय बसला?" सोबत गुणाबाई होतीच, कान टवकारून. मी सांगितलं, त्याचं मॉडेल नवीन हाय, वरून सारखंच दिसतं, पण आतला प्लग वेगळा. गुणाबाईने ते अख्ख्या कोनमध्ये सांगितलंय. दीपेशलाही मी तेच सांगितलं, त्याने मान डोलावली. तेव्हा गावात आता तुझ्या गाडीला आपला चार्जर बसत नाही. तुला कोणी विचारणार नाही, विनितालाही नाही.

तू ये. एका तासासाठी ये. जेव, खुर्ची नको असेल तर चटईवर बस. आणि निघायची वेळ झाली की तू काही कारण काढू नकोस, तुझ्या तोंडून ते मला आता ऐकवणार नाही. मीच म्हणेन, ऊठ रे, अंधार व्हायच्या आत नीघ, गाडी चार्जिंगला लावायची असेल. तू फक्त हो म्हण.

तुझी,
आई