घासलेलं ताम्हन

बाई,

शाळेतल्या त्या प्रदर्शनाला काय काय आलं ते मला अजून पाठ आहे: दोन पानाचे डबे, एक समई, विरलेला जरीचा शेला आणि पूजेचं तांब्याचं ताम्हन. सगळं पेशवाईतलं, सदाशिव पेठेतल्या एकाच घरातलं. हातगाडीचे बारा आणे तुम्ही पदरचे दिलेत.

मी नुकती मॅट्रिक झालेली. अक्षर बरं म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायला तुम्ही मला पुन्हा शाळेत बोलावलंत. मी सगळं एकाच टेबलावर दाटीनं मांडलं, तर म्हणालात, "अगं, हे विक्रीचं प्रदर्शन नाही माल रचायला. इथे बघणारा थांबला पाहिजे. वस्तूभोवती जागा सोड." मग टेबलं भिंतीपासून पुढे ओढून तुम्ही चालायची वाट वळवलीत. पाचवीतल्या मुलीच्या नजरेला येईल एवढ्याच उंचीवर एकेक वस्तू, खाली तीन ओळींची चिठ्ठी. ताम्हन मात्र खिडकीशी, तिरपं. कारण आत बारीक कोरलेलं, झिजत आलेलं नाव आडव्या उजेडातच दिसायचं. कुणा सासूनं सुनेला दिलेलं, त्या सुनेचं नाव. "कशालाही फडकं लावायचं नाही हं," एवढं बजावून तुम्ही जेवायला गेलात.

आणि मला ते काळं ताम्हन बघवेना. देवाचं भांडं असं चारचौघांत कसं ठेवायचं? मी नळावर बसते, चिंच लावते, विटेची भुकटी घेऊन जोर काढून घासते. लखलखीत होतं. खिडकीशी धरते, तर नाव नाही.

संध्याकाळी त्या वस्तूंचे मालक आले. ताम्हन हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "भांडीच घासायची होती तर सांगायचंत बाई, आमच्या मोरीत ढीग पडलाय." मी पडद्यामागे उभी. तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे." त्यांनी सगळं सामान परत नेलं. पुढच्या वर्षापासून प्रदर्शनाचं काम शाळेनं तुमच्याकडून काढून घेतलं. तुम्ही वर्षभर त्याचीच तयारी करायचात, हे मला माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

परवा आम्ही जुन्या मुली जमलो होतो. एक म्हणाली, "त्या ताम्हन घासणाऱ्या बाई आठवतात का गं?" सगळ्या हसल्या. बाई, मीही हसले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठल्या पत्त्यावर टाकू? तरी उलट टपाली एवढंच कळवा: ते मी घासलं, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?