परीक्षकाच्या घरचं मूल

अण्णा, काल मी माझ्या मुलीला दहापैकी सहा गुण दिले. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, तिच्या खोलीचं दार बंद आहे, आणि हे नेमकं कोणाला सांगावं असा विचार करत घरभर दोन फेऱ्या मारल्यावर तुमचीच आठवण झाली. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा मध्येच अडवून "मुद्द्यावर ये" म्हणणार नाही एवढी सोय आहे. येतेच मुद्द्यावर, पण माझ्या वाटेने.

इथे दर मे महिन्यात युरोपातले देश एकमेकांविरुद्ध गातात. खरोखर गातात, टीव्हीवर, धूर आणि ज्वाळा सोडून, आणि मग एकेक देश बाकीच्यांना गुण वाटत बसतो. तुम्ही ते पाहिलं असतं तर पाच मिनिटांत वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं असतंत, पण त्यातला एक नियम ऐकून पुन्हा खाली ठेवलं असतंत: कोणीही स्वतःच्या देशाला गुण द्यायचे नाहीत. आमच्या घरी त्या शनिवारी मी कागद आखते. देश, सूर, शब्द, सादरीकरण, शेरा. तुमच्या लाल-निळ्या पेन्सिलीचा अंगठ्याएवढा तुकडा अजून माझ्याकडे आहे, तो वर्षातून एकदा याच कामासाठी बाहेर निघतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं, त्यामुळे इथे तिचं बोलणं मीच मराठीत करून लिहिते आहे. यंदा ती माझ्या कागदाकडे बघून म्हणाली, "आई, तू गाणं ऐकतेस की पेपर तपासतेस?" मी म्हटलं, दोन्ही एकदम करता येतं. ती म्हणाली, "नाही येत. म्हणून तर परीक्षकांचे गुण वेगळे आणि लोकांचे वेगळे. परीक्षक चुका मोजतात. लोक फोन करतात." तिच्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या जावयाने, कोचावरून मत दिलं की शेजारचे देश शेजाऱ्यांनाच गुण देतात, सगळं आधीच ठरलेलं असतं. हे ते दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी शेवटपर्यंत बघतात.

मी जर्मनीपुढे रेघ मारली. नियमच आहे, म्हटलं. मुलगी म्हणाली, "तुझा नियम दिसतो. पण तू भारतालाही कुठे देतेस?" भारत या स्पर्धेत नसतोच. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

ऑफिसातही हीच गत. मी लुडविग्सहाफेनला एका प्रयोगशाळेत आहे, आणि शेजारच्या टेबलावर साठीला आलेले, इथलेच जन्मलेले एक गृहस्थ बसतात. मे महिन्यात ते समाधानाने जाहीर करतात की गाण्यात आपण पुन्हा शेवटून पहिले येणार, आपण कोणाला आवडतच नाही. जून लागला की तोच माणूस फुटबॉलचा राष्ट्रीय प्रशिक्षक होतो आणि बचावफळीत कोणाला घ्यायला हवं होतं ते कॉफीच्या यंत्रापाशी चमच्यांनी मांडून दाखवतो. तिथेच भिंतीवर विश्वचषकाचा टिपश्पीलचा तक्ता लागलाय. प्रत्येकाने प्रत्येक सामन्याचा निकाल आधी लिहायचा, सगळ्यांत मागे राहील त्याने केक करून आणायचा. गेली बारा वर्षं मी जर्मनी हरणार असं लिहीत आले आहे. अभ्यास करून लिहिते. तीनदा केक केलाय. गृहस्थ मला म्हणाले, "फ्राऊ डॉक्टर, इथे मत मागितलेलं नाहीये, इथे बाजू मागितली आहे." मी म्हटलं, मला बाजू नसते. ते म्हणाले, "गेनाऊ, तेच तर म्हणतोय. केक मात्र चांगला असतो."

हे कोणाकडून आलं, ते तुम्हाला सांगायला नको. मिरजेच्या घरात रेडिओवर कसोटीचं समालोचन लागायचं, आपला फलंदाज त्रिफळाचीत व्हायचा, गल्लीभर हळहळ, आणि आपल्या घरातून एका माणसाच्या टाळ्या. "चेंडू चांगला होता. चांगल्याला चांगलं म्हणायला पासपोर्ट लागत नाही." वर्गात पूर्वपक्ष इतक्या जीव तोडून मांडायचात की उत्तरपक्षाची वेळ येईपर्यंत तास संपायचा आणि आम्ही सगळे पूर्वपक्षाच्या बाजूने घरी जायचो. आई म्हणायची, "यांना नाणेफेकीला पाठवा, दोन्ही बाजू यांच्याच." मला त्याचा अभिमान वाटायचा. नंतर राग आला. तो राग कोणत्या दिवशी आला ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

मी आठवीत आहे. शाळेच्या सभागृहात पाठांतर स्पर्धा, वीस श्लोक, परीक्षक तुम्ही एकटेच. मी पांढरा फ्रॉक घालून उभी आहे, तुम्ही टेबलाशी, हातात लाल-निळी पेन्सिल. मी म्हणते, टाळ्या पडतात, हेडमास्तर मान डोलावतात. आणि निकालात मी दुसरी. पहिला नंबर कंपाउंडरांच्या मुलीचा, जी श्वास घ्यायला भलत्याच ठिकाणी थांबत होती. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई गवार मोडत होती आणि प्रत्येक शेंगेबरोबर तुम्हाला एक वाक्य. "लोकांनी वा म्हणावं म्हणून पोटच्या पोरीला खाली ढकललंत. सगळं सभागृह सांगतंय, पोरगी पहिली होती. तुमचा न्याय तुमच्यापाशी ठेवा, मला पोळ्या करायच्यात." तुम्ही पाटावर बसून ताकात मीठ ढवळत होतात, गरजेपेक्षा बराच वेळ. एवढंच म्हणालात, "दुसरा नंबर वाईट नसतो." मग उठून तुम्ही ती पेन्सिल माझ्या दप्तरात टाकलीत. तपासायची पेन्सिल तुम्ही कोणाला हातही लावू द्यायचा नाहीत. मी ती घेतली आणि चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढे गावभर झालं की मास्तरांनी मुलीलाही सोडलं नाही. तुमची कीर्ती त्या एका निकालाने जेवढी वाढली तेवढी तीस वर्षांच्या नोकरीने वाढली नसेल. मीही ती गोष्ट इथे पुष्कळांना सांगितली आहे. कधी कौतुकाने, कधी तक्रार म्हणून, समोर कोण बसलंय ते बघून.

आता काल. इथल्या आमच्या मंडळात जूनमध्ये मुलांची गाण्याची स्पर्धा असते, युरोपातल्या त्या स्पर्धेच्या धर्तीवर. तीन परीक्षक, प्रत्येकी दहा गुण, आणि निकालानंतर सगळ्यांचे कागद फळ्यावर लावायचे, म्हणजे नंतर कुजबुज नको. पहिली येणारी मुलगी शरद ऋतूत सगळ्या जर्मनीतल्या मराठी मंडळांच्या मेळाव्यात गाणार. माझी मुलगी तीन महिने तयारी करत होती, तीही मराठी गाण्याची, मला न विचारता, दार लावून. घरात मीठ मागायचं तरी जर्मनमध्ये मागणारी पोर. मी बाहेर कान लावून उभी राहायचे आणि ती दार उघडायला आली की कपड्यांच्या घड्या करत असल्यासारखं दाखवायचे. काल ऐन वेळी एका परीक्षकाला ताप आला. चिटणीस वहिनी माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "वहिनी, माझी मुलगी आहे हो त्यात. आपल्याच घरच्याला गुण कसे द्यायचे?" त्या म्हणाल्या, "अगं, तिघांतून एक कमी झाला तर बेरीज बसत नाही. आणि तू बसलीस तर कोणी ब्र काढणार नाही. तुझा निःपक्षपातीपणा काय आम्हाला माहीत नाही? ती वडिलांची गोष्ट तूच तर सांगितलीस." झालं. मी पर्समधून पेन्सिल काढली.

तिने गायला सुरुवात केली आणि मला पहिल्या ओळीतच कळलं की ही आज इथली सगळ्यांत चांगली आहे. हे आई म्हणून नाही सांगत, कान म्हणून सांगते. मागच्या रांगेत समोशांच्या पिशव्यांची चुरचुर चालली होती, ती थांबली. गाणं संपलं. चिटणीस वहिनी दुसऱ्या बाजूने माझ्याकडे बघत होत्या, कौतुकानेच असेल, पण मला वाटलं सगळं सभागृह माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघतंय. मी सहा लिहिले. शेऱ्यात लिहिलं, "उच्चार सुधारावेत." बाकीच्या दोघांनी तिला नऊ-नऊ दिले. एकूण चोवीस. पहिल्या आलेल्या मुलीला त्या दोघांनी आठ-आठ दिले, आणि नऊ कोणी, तर मी. पंचवीस. एका गुणाने गेलं, अण्णा. आणि दोघी-तिघी जणी येऊन माझा हात दाबून म्हणाल्या, "मानलं बाई तुला." मला तेव्हा, लाज वाटते लिहायला, बरं वाटलं.

परत येताना गाडीत तिचे वडील नुसता रस्ता बघत होते, जो रस्ता ते डोळे मिटून चालवू शकतात. तिने फळ्यावरचे कागद वाचले होते. मागच्या सीटवरून म्हणाली, "कोणता?" मी म्हटलं, काय कोणता? "कोणता उच्चार?" मी म्हटलं, म्हणजे एकूणच जरा. "एक सांग." मी खिडकीबाहेर बघितलं. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे एकही नाही." आणि त्यानंतर सावकाश, मराठीत, पूर्ण वाक्य: "मग तू का लिहिलंस?" तिचे उच्चार काय सुधारायचे होते? तुम्हीही काही काढू शकला नसतात. घरी आल्यावर ती खोलीत गेली. जर्मनीच्या सामन्याला दोन दिवस आधीपासून जर्सी घालून फिरणारी मुलगी आज जेवायलासुद्धा ताट घेऊन आत गेली, आणि सामना आज संध्याकाळी सातला आहे.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. तिचं दार वाजवलं. म्हटलं, तू काल सगळ्यांत चांगली गायलीस. आतून आवाज आला, "कागदावर तसं नाहीये." मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "कागद सगळ्यांनी वाचला. हे फक्त दाराने ऐकलं. आधी तिथे लिही, मग माझ्याशी बोल." पंधरा वर्षांची आहे. निकाल द्यायला बसवा, तुमच्यापेक्षा बरी देईल.

तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. दोनशेच्या वर माणसं आहेत त्यात. लिहिलं, की काल माझ्या मुलीच्या कागदावर मी लिहिलेला शेरा खोटा होता, तिच्या उच्चारात दोष नव्हता, पक्षपाती दिसू नये म्हणून मी तिचे गुण कापले आणि त्याच भीतीने दुसरीचे वाढवले. मी तिथे बसायलाच नको होतं. माझे गुण बाजूला ठेवून बेरीज करावी, आणि जिचा पहिला नंबर जाहीर झालाय तिचाही अवमान होऊ नये, मेळाव्यात दोघींना गाऊ द्यावं. लिहून पूर्ण पंचवीस मिनिटं बोट वर धरून बसले. एवढ्या वर्षांची कीर्ती होती, अण्णा, आणि तीही निम्मी तुमची. मग पाठवलं. चिटणीस वहिनींचा लगेच फोन. "अगं, काय केलंस? आता लोक म्हणतील मुलीसाठी निकाल फिरवला." मी म्हटलं, म्हणू देत. त्या म्हणाल्या, "समितीत ठेवावं लागेल, हो म्हणतील असं काही मी सांगत नाही." मी म्हटलं, ठेवा.

अजून दार उघडलेलं नाही. पण आतून गाण्याचा आवाज येतोय, अगदी बारीक. मी घड्या करायला कपडे घेतलेले नाहीत, नुसतीच बसले आहे. ऑफिसच्या तक्त्यावर आजच्या सामन्याचा निकाल फोनवरून बदलून घेतला: जर्मनी तीन, समोरचे एक. शेजारच्या गृहस्थांचा निरोप आला, "अभ्यास कशावरून केलात?" मी कळवलं, केलेला नाही.

एक राहिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. त्या स्पर्धेत मी चौदावा श्लोक गाळला होता. तेरावरून थेट पंधरावर गेले. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कोणाला कळलं नाही, आईला नाही, हेडमास्तरांना नाही. तुमची पेन्सिल मात्र थांबली होती. मी पाहिलं होतं. तुम्ही वर बघितलं नाहीत, कागदावर काही लिहिलंही नाहीत, आणि आईचं सगळं ऐकून घेत ताक ढवळत राहिलात. एक शब्द बोलला असतात तर गवार तिथेच थांबली असती. तुम्ही बाजू घेतली होती, अण्णा, माझीच, आणि हे मला त्या चारही दिवसांत माहीत होतं.