पाचास एक

सेविस, १९ मे

प्रिय ऊर्सिनाताई,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मध्येच तोडलं असतंस आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो, म्हणून लिहितोय. तुझा गुडघा कसा आहे? बासेलला म्हणे आत्ताच उकडायला लागलंय. इथे परवापर्यंत वरच्या कुरणावर बर्फ होतं. गाई मी शेजारच्या फ्लूचकडे सांभाळायला दिल्यात. हल्ली जरा दमायला होतं, एवढंच. आई ठणठणीत आहे. कान तेवढे गेलेत, पण कुणी तिच्याबद्दल कुजबुजलं की बरोबर ऐकू येतं.

तू जूनमध्ये येतेयस म्हटल्यावर ती म्हणाली, "येईना का! मी काय वाटेत आडवी पडलेय?" आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीच्या खिडक्या घासत बसली. तू मला किडनी दिलीस त्या ऑपरेशनच्या वेळी ती तुला काय बोलली ते मी विसरलेलो नाही. "एकाला वाचवायला दुसरीला चिरता, आणि माझ्या हातच्या औषधाला कुणी विचारत नाही." तेव्हापासून तू घरात पाऊल टाकलं नाहीस. तुझं काही चुकलं नाही. पण तिला खरंच वाटत होतं गं, की तिच्या चहाने मी बरा होईन.

त्या चहाबद्दलच लिहायचंय.

गेला उन्हाळा नुसता पावसात गेला. आई जूनमध्ये संत योहानाच्या सणादिवशी भर दुपारी ती पिवळी फुलं खुडायला गेली. दवातली फुलं तिला चालत नाहीत, तुला माहीतच आहे. पण ऊनच नव्हतं. कळी चुरडली की बोटं तांबडी व्हायला हवीत, ती होईनात. चहा झाला पाण्यासारखा. सगळा गाव जिच्याकडे फुलं मागायला येतो, तिने हे कुणाला सांगायचं? कुणालाच सांगितलं नाही. टपालाने त्याच फुलांच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या आणि रोज संध्याकाळी एकेक फोडून माझ्या कपात टाकू लागली.

मला कळलं ते क्यूरच्या इस्पितळात. डॉक्टर काफ्लिशबाई माझे रक्ताचे कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या.

"गोळ्या चुकवता का?"

"एकही नाही."

"मग रक्तात का दिसत नाहीत? दुसरं काय घेता?"

"काही नाही हो. आईचा चहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसला चहा?"

माझ्यासारख्या माणसाने तो चहासुद्धा प्यायला नको होता. इतकी वर्षं निभावलं ते पातळ होता म्हणून. बाई दर वेळी विचारायच्या, दुसरं औषध घेता का? मी दर वेळी नाही म्हणायचो. घरच्या चहाला आपल्याकडे औषध कोण म्हणतं?

घरी आलो आणि आईला विचारलं, "यंदा चहाला रंग कसा गं आला?"

"मेल्या, पितोस ना गपगुमान? मग चौकशा कसल्या?"

मग पिठाच्या डब्यामागून तिने बाटली काढली. वर लिहिलं होतं, पाचास एक. पाच किलो फुलांचा एक किलो अर्क. मला म्हणते कशी, "मी काय वेडी आहे? पूर्वी पाच चिमटी फुलं टाकत होते, आता एकच चिमूट भुकटी टाकते. हिशेब तोच."

हिशेब बरोबरच होता, ताई. पाचास एक म्हणजे किती फुलं आत गेली, एवढंच कळतं. किती जोर बाहेर आला, ते नाही. बाईंनी मला समजावून सांगितलं. फुलांमध्ये जे जहाल असतं ते पाण्यात फारसं उतरतच नाही. अर्क काढतात तो दारूत, आणि दारू ते सगळं ओढून घेते. आईने एका चिमटीत जे घातलं ते तिच्या चहात जन्मात कधी नव्हतं. त्याने माझ्या गोळ्या अंगात टिकूच दिल्या नाहीत, आणि अंग तुझ्या किडनीवर उलटलं.

तुझी किडनी गेली, ताई. मार्चमध्येच गेली. मी फोनवर "बरा आहे" म्हणत राहिलो. आता आठवड्यातून तीनदा क्यूरला रक्त धुवायला जातो. हृदय असं झालंय की दुसरी किडनी कुणी दिली तरी ते बसवणार नाहीत. म्हणून किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत माझं नाव नाही आणि येणारही नाही. दुसरीकडे विचारून बघ म्हणू नकोस. विचारून झालं.

आईला यातलं कारण ठाऊक नाही. मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. तिला वाटतं चहा कमी पडला. परवा म्हणाली, "दुसऱ्याचं अंग आपल्याला लागत नाही, मी सांगत होते. आणि गेल्या साली ऊन नव्हतं, त्यात माझा काय दोष? यंदाची फुलं बघ तू." मध्यंतरी मी तो चहा मोरीत ओतत होतो. आता त्या गोळ्याच बंद झाल्यात, बिघडायला काही उरलं नाही. मला दिवसाला मोजकं पाणी मिळतं. त्यातला एक कप मी तिच्यासाठी ठेवतो आणि तिच्यासमोर बसून पितो.

तू येशील तेव्हा ती तुझ्यापुढेही कप ठेवेल. तुझ्या तळपायाची आग मस्तकात जाईल. तुला मला जे बोलायचंय ते पत्रात बोल, वाटेल तेवढं बोल, मी सगळं वाचीन. तिला काही बोलू नकोस. मी बरा होईन असं वाटणारं या घरात आता तेवढं एकच माणूस आहे.

तू दिलेलं सांभाळता न आलेला,
लूत्सी