सगुणाचा घेवडा

१९ जून
बरणी उघडली. दीडशेच्या आसपास बिया होत्या, जवळजवळ सगळ्यांना भोक. टाचणीच्या टोकाएवढं, गोल, नीटनेटकं. वर्तमानपत्रावर ओतल्या तर बियांबरोबर भुंगेही बाहेर पडले आणि पानभर फिरू लागले. जणू मीच त्यांच्या घरात शिरले होते.

सगुणाने दोन वर्षांपूर्वी हा घेवडा दिला तेव्हा तो राखेत लडबडलेला होता. मी तो धुतला. तीन पाण्यांनी. फडक्यावर वाळवला, काचेच्या बरणीत भरला, वर लेबल लावलं. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या गडबडीत पेरायचा राहिला. कॉन्व्हेंटमध्ये नखं तपासून वर्गात घेत, राखेने माखलेली वस्तू कपाटात ठेवणं माझ्याच्याने झालंच नसतं. राख कशासाठी, हे एकदाही विचारलं नाही. कोर्टात बावीस वर्षं माझ्या टेबलावरची धूळ जिने पुसली, तिला स्वच्छता शिकवायला निघाले होते मी.

निवडून निवडून अकरा बिया धड निघाल्या. बापूला सांगितलं नाही. गेल्याच महिन्यात त्याने आणलेल्या डाळीला कीड लागली म्हणून त्याला तासभर झापलं होतं. धाकटा भाऊ असला तरी त्रेसष्ट वर्षांचा आहे, सगळं लक्षात ठेवतो.

२१ जून
आणि नेमका आज सगुणाचा फोन. रिटायर झाल्यापासून अकोले तालुक्यात गावीच असते.

"बाई, मागल्या पावसात माझी मागची भिंत बसली. मडकी सगळी दबली. बी कुजून गेलं."
"गावात दुसऱ्या कुणाकडे नाही का?"
"न्हाई वो. सगळी पाकिटाचं लावत्यात. ते दोन महिन्यांत शेंगा देतं. आपलं उशिरा येतं, म्हून सोडलं लोकांनी. तुमच्याकडं हाय म्हून बरं. माझ्या आईचं बी हाय ते."

संक्रांतीनंतर न्यायला येणार. नव्या पावसाला सुनेकडून पेरून घ्यायचंय. "हाय ना नीट?" म्हणाली.
मी म्हटलं, "हो, आहे ना."
शपथेवर खोटं बोलणाऱ्यांची विधानं आयुष्यभर टाइप केली. मला तर शपथही लागली नाही.

२४ जून
पेरलं. आठ मागच्या अंगणात भिंतीलगत, तीन गच्चीवर ड्रममध्ये. बापू खुर्ची टाकून देखरेख करत होता. "ताई, अकराच? मूठभर टाक की."
"मूठभर उगवले तर चढवायचे कुठे? तुझ्या डोक्यावर?"
त्याने खुर्ची दोन हात मागे घेतली.

३ जुलै
सात उगवले. ड्रममधला एकही नाही. पाऊस नाही. बापूच्या मोबाईलमध्ये रोज चार वाजता पडतो. आजही ढगाचं चित्र दाखवून म्हणाला, "ऐंशी टक्के." बादली त्याच्या हातात दिली.

१२ जुलै
घूस. भिंतीखालून बोगदा काढून बरोबर दोन रोपांच्या मधोमध बाहेर आली. दोन्ही आडवी. बाकी एवढी जागा मोकळी होती.
पाच.

३० जुलै
पाऊस आला एकदाचा. त्याच्याबरोबर गोगलगायी. पालेभाजीचा वाफा दोन दिवसांत साफ, मेथीच्या नुसत्या काड्या. घेवड्याचा एक कोंब जमिनीलगत कापलेला. काल सकाळी साडेपाचला चिमट्याने त्रेपन्न उचलून मिठाच्या पाण्यात टाकल्या. आज पुन्हा तेवढ्याच. संख्या लिहून ठेवायची खोड जात नाही.
शेजारच्या शेख भाभी भिंतीवरून बघत होत्या. "मॅडम, तुमी त्यांना नावं पन ठेवलीत का?"
त्यांच्या दोडक्याला एक पान खाल्लेलं नाही. काही करतही नाहीत. विचारलं तर म्हणतात, लावलं नि विसरले. मला विसरता येत नाही हाच बहुधा दोष.

१९ ऑगस्ट
वांग्यात शेंडेअळी. टोमॅटोची पानं आक्रसून मुठीसारखी. दुधी बोटाएवढा होतो, पिवळा पडतो, गळतो. पुस्तकात बघून ताक-हिंग, निंबोळी अर्क, लसूण-मिरची सगळं झालं. घराला खानावळीचा वास येतो, किडी मात्र धष्टपुष्ट.
या सगळ्याचं मला काही नाही. बाजारात भाजी मिळते. घेवडे चार आहेत, गुडघ्यापर्यंत आले.

२३ सप्टेंबर
तीन दिवस कोसळतोय. मागचं अंगण म्हणजे तळं. बापू आणि मी, दोघांचे मिळून तीन धड गुडघे, तांब्यांनी पाणी उपसत होतो. तो म्हणाला, "एका भाजीसाठी इतकं?" मी म्हटलं, उपस. आता सांगावं असं वाटलं होतं. मग त्याला शिंक आली, आत गेला.

२ ऑक्टोबर
दोन सडले. मुळाशी बोट लावलं तर साल निघून हातात आली.
दोन राहिले. दोन्ही भिंतीवर चढून सुतळीने गच्चीकडे निघालेत. मजेत. त्यांना काय माहीत.

२६ ऑक्टोबर
सगुणाचा फोन, दिवाळीचा. "फुलं आली का?" नाही म्हटलं. "न्हाईच यायची. थंडी लागल्याबिगर येत न्हाईत. लई मानी हाय." मला हसू आलं. मग ती म्हणाली, "किती वेल हायेत?"
"आहेत."
"भरपूर लावा, बाई. निम्मं किड्यांचं असतं."

१६ नोव्हेंबर
फुलं. जांभळी, तुरेच्या तुरे, टाकीच्या पाइपापर्यंत. दुपारी खुर्ची नेऊन समोर बसले. बापू चहा घेऊन वर आला, तोही बसला.

२१ नोव्हेंबर
चार दिवस आभाळ. ऊन नाही, पाऊसही नाही, नुसतं दमट. मावा आला, बारीक काळी कीड. तुऱ्यांचे देठ काळे, जणू कुणी शाई लावली. त्यावर मुंग्या वर-खाली, सरकारी कामावर असल्यासारख्या.
भाभी औषधाची बाटली घेऊन आल्या. "एक फवारा मारा. ह्यांचं तुमच्या ताकानं काय होत नाय. पितात ते." बाटलीवर लाल त्रिकोण, जहाल विषाचा. मी नको म्हटलं. आम्हाला खायचंय म्हटलं. हेही खोटं, खायचं कुठे होतं.

२२ नोव्हेंबर
बाटली मागून आणली. फवारलं.

२५ नोव्हेंबर
मावा मेला. फुलंही गळाली. फवाऱ्याने की आभाळाने की माव्यानेच आधी रस शोषला होता म्हणून, कुणाला विचारायचं? कृषी केंद्रातल्या माणसाने पान बघून विचारलं, "मॅडम, कोणती व्हरायटी?" मी म्हटलं, सगुणाच्या आईची. त्याने मला पाकीट दाखवलं. छप्पन्न दिवसांत शेंगा.

१५ डिसेंबर
थंडी पडली. उरलेल्या तुऱ्यांतून नऊ शेंगा धरल्यात. रोज मोजते. एक वेल वाळतोय, नऊच्या नऊ दुसऱ्यावर. शेंगा वेलावरच वाळल्या पाहिजेत, खुळखुळ वाजेपर्यंत. एका शेंगेत चार दाणे धरले तर छत्तीस. छत्तीसांत एक सुरुवात होते. सगुणाला एवढंच म्हणेन, या वर्षी कमी आलं.

६ जानेवारी
नऊ. टम्म फुगल्यात, कडेला जांभळी रेघ. अजून हिरव्याच. दोन-तीन आठवडे लागतील. आभाळाकडे बघणं सोडलंय, ते कुणाचंच ऐकत नाही.

१३ जानेवारी
भोगी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सकाळी गेले, तिथे गर्दी, यायला दीड वाजला. दारातच तिळाचा वास. बापूने स्वयंपाक केला होता. बायको गेल्यापासून त्याने चहाशिवाय काही केलेलं नाही. बाजरीच्या भाकरी भाभींकडून आणलेल्या, लोण्याचा गोळा, आणि कढईत भोगीची भाजी. गाजर, वांगं, हरभरा, बोरं.

"ताई, आज घेवडा बाजारचा नाही. घरचा."

मी विचारलं, किती काढल्यास.
"नऊच्या नऊ. टाकीवर चढून काढल्या, तू ओरडशील म्हणून तू नसताना. अगं, सहा महिने तू त्या वेलामागे धावतेयस. म्हटलं, एकदा ताटात तर पडू दे. दाणे काय भरलेत बघ." माझ्या ताटात त्याने निवडून निवडून घेवडा वाढला होता.

जेवले. दुसरं काय करणार होते? अंगणातला ओल्या कचऱ्याचा डबा उपसून पाहिला तो नंतर, तो झोपल्यावर. शेंगांची टोकं आणि शिरा, दाणा एकही नाही. भाजी चांगली झाली होती, हेही लिहून ठेवते.

१४ जानेवारी
तिळगूळ देताना बापूला सांगितलं. राख, बरणी, अकरा, सगुणाची आई, सगळं.
वाटीतले हलव्याचे दाणे फिरवत बसला. मग म्हणाला, "डाळीच्या वेळी मला किती बोललीस."
"बोलले."
"मला सांगितलं असतंस तर—"
"तर काय केलं असतंस?"
"काही नाही. हात लावला नसता, ताई."
उठून मागच्या अंगणात गेला आणि वेलाजवळ उभा राहिला. संध्याकाळी परत आला तेव्हा जेवला नाही. रागावता येत नाहीये मला कुणावर. ही काय रीत झाली? निदान घुशीवर तरी राग यायला हवा.

१८ जानेवारी
तिचाच फोन आला. "येत्या गुरवारी येते, बाई."
म्हटलं, "सगुणा, येऊ नकोस. बी नाही." आणि सांगितलं. भोगीपर्यंत सगळं.
पलीकडे शेळी ओरडत होती. मग:
"धुतलं?"
"धुतलं."
"साबनानं?"
"नाही."
"तेवढं तरी बरं."
पुन्हा शेळी.
"वेल उपटला का?"
"नाही."
"मग येते. पंच्याहत्तरी झाली, यष्टीचं तिकीट फुकट हाय आता आमाला."

२२ जानेवारी
आली. अकोल्याहून संगमनेर, तिथून गाडी बदलून नगर. इथे सावेडीत आमच्याकडे पोचायला दुपार झाली. पिशवीत हातसडीचे तांदूळ आणि माझ्यासाठी चिंचेचा गोळा. चहा नको म्हणाली, आधी वेल.

माझ्याकडे बघितलं नाही. मुळापासून निघाली, एकेक पेर चाचपत गच्चीवर गेली, टाकीला वळसा घालून भाभींच्या बाजूला वाकली. मी तिची साडी धरून ठेवली. शेंड्याकडे, आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हत्या अशा तीन शेंगा होत्या. कागदासारख्या चपट्या, नुकत्या धरलेल्या.

"दाणा भरेल का?"
"आता उन्हाच्या हातात हाय. फाल्गुन तापला तर सुकून जातील पोकळच. न्हाई तापला तर मावा हायेच."

पदराची जुनी किनार दाताने फाडून तिने प्रत्येक देठाला चिंधी बांधली. बियाला ठेवलेल्याची ती खूण, तिच्या गावात पोरंही तिला हात लावत नाहीत. मग खाली बापूला म्हणाली, "बापूसाहेब, चिंधी दिसती ना? का चष्मा लागंल?" बापू कसनुसा हसला. भाभी पलीकडून म्हणाल्या, "माझ्या बाजूला आल्यात म्हंजे माझ्या झाल्या, मावशी." सगुणा म्हणाली, "तुमी राखा, तुमच्या म्हना."

जेवताना विचारलं, राग आलाय का.
"आलाय की." भात कालवत होती. "आईचं डोरलं थोरलीला गेलं. मला हे दिलं. मी तुमाला दिलं ते तुमी नीट ठेवाल म्हून. तुमच्या टेबलावर एक कागद कधी वाकडा नसायचा."
तिने दुसऱ्यांदा भात घेतला. मुक्काम केला नाही.

३ फेब्रुवारी
तीन. फुगतायत. दुपारचं ऊन आत्ताच भाजतं. बापूने स्वतःचं पांढरं धोतर काठ्यांवर ताणून सावली केलीय. दहा ते चार. त्याने वेळापत्रक भिंतीवर लावलंय.

८ फेब्रुवारी
आभाळ. देठावर मावा दिसला. औषधाला हात लावला नाही. ओल्या फडक्याने, मग बोटाने, एकेक पुसून काढला. स्टुलावर मी, स्टूल धरून बापू, पलीकडून खाली पडेल ते बघायला भाभी. तिघांचं वय मिळून दोनशेच्या घरात.
रोज सकाळी नऊला सगुणाचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही. "हाय का?" एवढंच विचारते. आम्ही "आहे" म्हणतो, ती ठेवते.

१३ फेब्रुवारी
एक गळाली. सोलून पाहिली, आत नुसती पांढरी पापडी. दोन राहिल्या. एकीत बोटाला दाणा लागतो. एक की दोन, दाबून बघायचा धीर होत नाही.
फोनवर "दोन" म्हटलं. "बरं" म्हणाली.

१५ फेब्रुवारी
काल संध्याकाळी वारा सुटला, धुळीचा. रात्री टपोरे थेंब आले, मोजून पाच मिनिटं, पण वारा पहाटेपर्यंत होता. पत्रा कुणाचा तरी वाजत होता. धोतर भाभींच्या अंगणात सापडलं, काठ्यांसकट.
बापू मला वर जा म्हणतो, मी त्याला. दोघेही स्वयंपाकघरात बसलोय. चहा दोनदा झाला.
पावणेनऊ वाजलेत. पंधरा मिनिटांत तिचा फोन येईल.