सव्वीस दगड

टेंभुर्णी,
६ एप्रिल १९७५

अहो,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही दोघी इकडं खुशाल आहोत. औरंगाबादेत रामराव भाऊजी, जाऊबाई आणि तुम्हीही खुशाल असाल. उन्हाळा लागल्यापासून आईंचे गुडघे जरा हलके आहेत. शेळी व्याली, दोन्ही पाटी झाल्या, बोकड एकही नाही. विहिरीला पाणी आहे, पण दोर वाढवावा लागला. मी मोंढ्यात धान्य निवडायला जाते. तुमच्या जागेवर पिंपळगावचा एक नवा मापाडी घेतला आहे. त्याचं माप चोख आहे म्हणतात. माझ्या हाताचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, बरा आहे. भाकरी थापताना मनगटातून कळ येते, पण भाकरी होते.

तुम्ही लिहिलंय की जयंतीला गावी येतो आणि आता कायमचा येतो. हे पत्र त्याच्याच उत्तराचं आहे. पण तुम्ही आणखीही काही विचारलंय, ते आधी सांगून टाकते.

गावात अजून तुमचं नाव निघतं का? निघतं. दोन महिन्यांत लोक विसरतील असं तुम्हाला वाटलं होतं, पण लोकांना दुसरा उद्योग काय? एसटीला उशीर झाला की स्टँडवर म्हणतात, "संपतच्या हिशेबानं येऊन गेली की!" परवा शाळेच्या पटांगणात पोरं पळत होती. एकजण मधेच थांबला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "माझं अंतर संपलं! तुमचीच मोजणी चुकली!" बाकीची पोरं पोट धरून लोळली. मीही हसले. डोक्यावरची पाटी पडता पडता राहिली.

हे सगळं कारभारीमुळं. त्याच्या हॉटेलात चहाबरोबर ती गोष्ट फुकट मिळते. औरंगाबादच्या शर्यतीला ट्रक भरून माणसं घेऊन तोच आला होता ना? अडीच तासांत येतो असं तुम्ही छातीला हात लावून सांगितलं होतं, म्हणून अडीच तास झाल्यावर सगळे हार घेऊन, हलगी घेऊन शेवटच्या दोरीपाशी उभे राहिले. तीन तास झाले, साडेतीन झाले. हलगीवाल्याचे हात शिवशिवत होते, तर त्यानं पळत दोरीपर्यंत आलेल्या कुण्या पेन्शनर म्हाताऱ्यासाठीच वाजवून घेतली. मग कुणीतरी येऊन सांगितलं की तुमच्या गावचा माणूस मागं पाटीपाशी भांडतोय. कारभारी सांगतो तसं लिहिते: "जाऊन बघतो तर ह्यो सव्वीसच्या पाटीला धरून उभा! म्हणून राह्यला, मी माझ्या टायमात सव्वीस मैल पळालो, तुमच्या पाट्याच खोट्या हायेत. तिथला पोऱ्या लई समजावून राह्यल्ता, काका, हे किलोमीटर हायेत, अजून सोळा बाकी हायेत. मंग ह्यो जो खाली बसला, उठायचं नावच न्हाई." तुम्ही ट्रकमध्ये चढला नाहीत, भाऊजींच्या घरी निघून गेलात. ट्रक परत आला तेव्हा हार त्याच्या नाकावर बांधला होता. तो झेंडू मी ओवला होता.

आता तुमचा खरा प्रश्न. रस्त्यावरचे मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवले, हे तुम्हाला आता कळलंय. गावात ज्याला आधी माहीत होतं आणि तरी ज्यानं सांगितलं नाही, त्याचं नाव कळव, त्याच्याकडं बघतो, असं तुम्ही लिहिलंय. नाव कळवते. पण तुम्ही मधेच कागद टाकून द्याल, म्हणून आधी थोडं मागचं सांगते.

मागच्या पोळ्यापासून तुम्ही पळायला लागलात. पेपरात शर्यतीचं वाचलंत आणि बेचाळीस किलोमीटर म्हणजे सव्वीस मैल असा हिशेब मांडलात. हिशेब बरोबर होता. जालन्याच्या रस्त्याला तेरा दगड जायचं, तेरा दगड यायचं. रोज थोडं आणि रविवारी पूर्ण. मला कौतुक होतं. दिवसभर मोंढ्यात ज्वारी मोजून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पळायला निघतो, आपल्या वस्तीत असं कुणी केलं होतं?

फक्त ती वेळ सांगायची सवय तुम्ही लावून घ्यायला नको होती. निघताना दारात उभं राहून सांगायचात, इतक्या वाजता परत येतो. त्या ठोक्याला पाणी कढत हवं, भाकरी तव्यावरून नुकती उतरलेली हवी. पाणी कढत असायचं, भाकरी उतरलेली असायची, फक्त तुम्ही नसायचात. आणि आल्यावर चूक माझी. रात्री डाळ जड झाली. निघताना मी मागून हाक मारली. वाट बघत दारात उभी राहिले, म्हणून पाय जड पडले. आधी तांब्या यायचा अंगावर, मग हात. दसऱ्यानंतरच्या रविवारी बराच उशीर झाला, त्या दिवशी माझं मनगट गेलं. दवाखान्यात मी आडावर घसरले म्हणून सांगितलं आणि तुम्ही शेजारी उभं राहून मान हलवत होतात. आठवतंय का? मला आठवतं, कारण डॉक्टरनं तुम्हालाच म्हटलं होतं, बायकोला जपा.

दिवाळी झाली आणि रस्त्याच्या कामाला मजुरांची गँग आली. त्यात हसनाबादची सखूबाई होती, डोक्यावरून गिट्टी वाहायची. मी सरपणाला जाताना ती भेटायची. तिनंच सांगितलं, "बाई, ह्ये नव्या मापाचे दगड हायेत. जवळ जवळ बसवून राह्यलेत. जुने उपटून रस्त्याखालच्या मोरीत टाकलेत." नव्या दगडांवर आकडे नव्हते, रंगारी मागून येणार होता, आणि तुम्ही नुसते दगड मोजत पळायचात. गँग आठवड्याला चार-सहा दगड बदलायची. तुमचा तेरावा दगड दर आठवड्याला गावाकडं थोडा थोडा सरकत आला आणि तुम्ही दर रविवारी लवकर घरी यायला लागलात.

दूध आणि अंड्यांचा गुण, असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. जन्मभर दुसऱ्याची पोती मोजली तुम्ही, पण पायाखालचा रस्ता कमी झाला हे काही कळलं नाही. स्वतःची स्तुती चालली असली की माणसाला माप दिसत नाही, हेच खरं.

पण खोटं लिहिणार नाही. ते दिवस मला फार गोड गेले. सांगितलेल्या वेळेच्या आधी तुम्ही दारात यायचात, घामानं निथळत आणि हसत. ओट्यावर बसून माझ्याबरोबर ज्वारीतले खडे निवडायचात. रेणुकाईच्या जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवलात, येताना हातभर बांगड्या भरल्यात आणि दुखऱ्या हाताकडच्या बांगड्या कासारणीला हळू भरायला सांगितलंत. कौसे म्हणायला लागलात. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मला नवरा मिळाला तो तेवढ्या हिवाळ्यात. मी तुम्हाला जीव लावला हो. खोटा दगड असू दे, माणूस तर खरा हसतोय, असं मी मनाला समजावलं.

तर ज्याला माहीत होतं ती मी. मी सातवी पास आहे, मैल आणि किलोमीटर मला शाळेत शिकवलेत. तुम्ही अडीच तासांचा डंका पिटत होतात तेव्हा मला कळत होतं की औरंगाबादेत तुमचं काय होणार. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही नुसतं वळून बघितलंत. मी मीठ कमी आहे का म्हणून विचारलं. मला न सांगितल्याचा पस्तावा नाही. सांगितलं असतं तर ते दोन-तीन महिनेही गेले असते आणि दुसरं मनगटही.

आता तुमच्या पत्रातल्या ओळी तुम्हालाच वाचून दाखवते. "खऱ्या किलोमीटरनं तयारी चालू केली आहे. पुढच्या वर्षी चार तासांत नक्की. पाणी वेळेवर ठेवत जा, ह्या वेळी तुझ्याकडून चूक होता कामा नये."

चार तासांत होणार नाही. पाच लागतील. तुम्ही एवढे अंदाज सांगितलेत, हा एक माझा घ्या. आणि वरच्या एका तासाचा राग कुणावर निघेल, ते सांगायला ज्योतिषी नको. रंगारी येऊन गेला, सगळ्या दगडांवर आता ठळक आकडे आहेत. ते आता तुमच्यासाठी जवळ येणार नाहीत. त्या हिवाळ्यातला माणूस येणार असता तर मी स्टँडवर उभी राहिले असते. तो येणार नाही. येणार ते दसऱ्याचे तुम्ही.

एक सांगायचं टाळत होते. मला पाचवा महिना लागलाय. शर्यतीहून आलात की सांगणार होते, हार घातल्यावर.

आई रोज पोस्टमनची वाट बघायच्या, तुम्हाला माहीत आहे. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, लगेच म्हणतील लिही त्याला, ये म्हणून. त्या बराच वेळ शेळीच्या पिलाला पाजत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचा बाप बी असाच व्हता. फडात कुस्ती हरून आला की राग माझ्यावर. दोन डाव माझी कूस रिकामी झाली. रामराव अन् संपत तेवढे वाचले. दर डावाला तो रडत आल्ता अन् दर डावाला मी दार उघडलं. तू न्हाई उघडायचं." मी म्हटलं, आई, तुमचा पोटचा आहे. तर म्हणाल्या, "म्हणून तर मला ठावं हाय. घर माझ्या नावावर हाय. लिही बिलकुल येऊ नको म्हणून."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बदलून लिहू का? म्हणाल्या, न्हाई. आज सकाळी परत विचारलं. तरीही न्हाई.

तेव्हा जयंतीला यायचं तर या. गाव काही माझं एकटीचं नाही आणि बाबासाहेबांची मिरवणूकही सगळ्यांची आहे. घराकडं वळू नका. ओट्यावरूनही नाही. लेकराला नाव तुमचंच लागेल, ते मी अडवणार नाही. पण ते दारात उभं राहून तुमची वेळ बघणार नाही. पळत राहा, तब्येतीला चांगलं असतं. भाऊजींना आणि जाऊबाईंना जयभीम सांगा.

कौसल्या

हे सगळं आईंना दोनदा वाचून दाखवलं आहे. त्यांना सही येत नाही. खाली उठलेला अंगठा त्यांचा आहे, आणि तो मी धरून उठवलेला नाही.