खाटेखालचं गवत

१४ नोव्हेंबर
सुल्माचा डावा डोळा सुजलाय. सकाळी उघडेचना. दुखत नाही म्हणते. चार वर्षांची पोर एवढ्या सुजेला दुखत नाही म्हणते, म्हणून जास्तच भीती वाटते.
सासूबाई म्हणाल्या, "गांधीलमाशी असेल." मी मीठपाण्याने शेकलं.

१५ नोव्हेंबर
ताप आलाय. उशीखाली विंचुका सापडली – भिंतीच्या भेगांत राहणारा मोठा ढेकूण, रक्त पिऊन टम्म. सासूबाईंनी भिंतीवर चिरडली. "आमच्या अंगावर जन्मभर फिरल्या, काय झालं?" सासरे नांगर धरता धरता कोसळले, पन्नाशीही नव्हती. ते नाही बोलल्या.
पण सप्टेंबरात तर घर फवारलं होतं!

१६ नोव्हेंबर
कुणाला सांगू? फवारणीवाले बजावून गेले होते – सगळं बाहेर काढा, जुनं गवत जाळा. औषधाने मरतील म्हणून मी खाटेखाली पाळलेले गिनीपिग बहिणीकडे नेऊन ठेवले. दिराच्या लग्नात ताटात वाढायचे होते. परक्या गवतावर माद्या पिल्लांना टाकतात, म्हणून गवतही पोत्यात भरून नेलं. आठवड्याने तेच परत आणून सुल्माच्या खाटेखाली पसरलं. विंचुका त्यातच असणार. मीच आणल्या.

१८ नोव्हेंबर
ट्रकच्या हौद्यात बसून तीन तासांनी दवाखाना. नर्स बेनिता म्हणाली, "नुसत्या चावण्याने नाही होत गं. विंचुका रक्त पिता पिता तिथंच हगते. आपण झोपेत चोळतो, ती घाण आत जाते, जंतू रक्तात उतरतात. वर्षानुवर्षं गुपचूप राहून हृदय पोखरतात."
सुल्माला विचारलं, "डोळा चोळलास?"
"खाजत होता ना."
रक्ताचा थेंब काचेवर घेतला. मायक्रोस्कोपमध्ये बघून डॉक्टर म्हणाले, "जंतू आहेत. वळवळतायत." मी सुल्माला कडेवर घेतलं. "वेळेवर आलात. साठ दिवस गोळ्या द्या. एवढी लहान मुलं बहुतेक बरी होतात."
बहुतेक.
बेनिताला गवताचं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. म्हणाली, "अर्ध्या गावाने हेच केलंय. तुझंही रक्त दे."

२३ नोव्हेंबर
गवत जाळलं. खाट भिंतीपासून लांब ओढली. सासूबाई सगळ्यांना सांगतायत, सुनेला वेड लागलंय. लागू दे.
सुल्मा गोळी थुंकते. केळ्यात कुस्करून देते.

२९ नोव्हेंबर
माझ्याही रक्तात आहे. जुनं – लहानपणापासूनचं असेल म्हणाले. गोळ्यांसाठी हात पुढे केला तर बेनिताने विचारलं, "पाळी कधी आली होती?" मला आठवेना. तिने तपासलं. गोळ्या परत कपाटात ठेवल्या. "पोटात बाळ असताना नाही देता येत. बाळ जन्मलं की आधी त्याचं रक्त बघू."