शीड कामिनीला, शिडी कोणालाच नाही

मी, इंदूबाई चंपतराव खोब्रागडे, वय आधार कार्डाप्रमाणे चौऱ्याहत्तर, गुडघ्यांप्रमाणे जास्त, राहणार प्रताप नगर, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगते. लिहितो शेजारचा मार्तंड. मला अक्षर येत नाही. बोलणे येते, आणि ते सगळ्या गल्लीने सोसले आहे. दोन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. का, ते कलम चारमध्ये.

१. घर मुलगा संघपाल आणि मुलगी कामिनी यांना निम्मे निम्मे. मागच्या कागदात ते एकट्या संघपालला होते, कारण तो जवळ राहतो अशी माझी समजूत होती. नागपुरातल्याच मिहानहून इथे यायला त्याला लागतो तेवढ्या वेळात तिथले विमान दिल्लीला जाऊन परत येते.

२. माझ्या मालकांची सुतारकामाची हत्यारे संघपालला. गंज काढूनच घ्यावीत. वरून पाहत असतील तर बोलतील.

३. अंगणात ताडपत्रीखाली पालथी ठेवलेली नाव दोघांची मिळून. अंबाझरी तलावावर शिडाच्या नावा दुरुस्त करायचे काम मालकांकडे असे. तिथे मोडीत निघालेली ही एक त्यांनी घरी आणून उभी केली. रविवारी सकाळी आम्ही चौघे तलावावर. सुकाणू त्यांच्या हाती, शिडाचा दोर कामिनीच्या, पाणी उपसायचा डबा संघपालकडे. माझे काम वजन. ते मी चोख केले.

वारा जोराचा आला की नाव कलते. मग सगळ्यांनी एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून बसायचे. पोरे भांडत असली की मालक ओरडत, "सरका इकडं सगळे! भांडण काठावर जाऊन करजा!" काठावर पोचेपर्यंत भांडण कशाचे होते तेच आठवत नसे.

नाव विकू नये. तिच्यात कोथिंबीर लावू नये. संघपाल, तुझा विचार माझ्या कानावर आला आहे.

४. नावेचे शीड कामिनीला, एकटीला. ते माझ्या लग्नाच्या पांढऱ्या लुगड्याचे आहे, मांजरपाटाचे अस्तर लावून मी हाताने शिवलेले. मागच्या वेळीही मी हेच सांगितले होते. पण कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाने नागपुरात बसून शीड कुठून पाहिले असणार? त्याने शिडी लिहिली. वाचून दाखवले तेव्हा शेजारी कुलर घरघरत होता, मी अंगठा देऊन मोकळी झाले.

संघपालने त्या कागदाचा फोटो बहिणीला पाठवला. तिचा जबलपूरहून फोन आला, "माय, दादाले घर अन् मले शिडी?" मी ऐकले शीड. माणूस आपलेच ऐकतो. मी म्हटले, "काहून वं? लहानपणी तर कोणाले हात लावू देत नव्हती!" तिने फोन ठेवला. मला वाटले, लुगड्याच्या आठवणीने भरून आले असेल.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मी दोन वर्षे रागावून बसले, की माझे लुगडे हिला हलके वाटले. गेल्या महिन्यात मार्तंडने तो कागद वाचला आणि विचारले, "काकू, कामिनीताईले शिडी काहून दिली?" त्या दिवशी मी जेवले नाही. संघपालला सांगितले तर म्हणतो, "तुमचं तुम्ही पाहा." म्हणून हा कागद. याची प्रत उद्याच रजिस्टर पोस्टाने जबलपूरला जाईल. कामिनी, माझ्या घरात शिडी नाही. कधी नव्हती.

५. समोरची गोपिका साक्षीदार असल्याने तिला यातून काही देता येत नाही, असे मार्तंड म्हणतो. म्हणून मिक्सर तिला कालच दिला. कायद्याने गप्प बसावे.

६. मार्तंड असेही म्हणतो की यातले सगळे माझ्या मागे लागू होईल. बाकीचे होऊ दे. हे एक कलम माझ्या हयातीत लागू करावे: कामिनीने यावे. आधी फोन केला नाही तरी चालेल. मी घरीच असते.

हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे.

इंदूबाई चंपतराव खोब्रागडे
(डाव्या हाताचा अंगठा)

इंदूबाईंनी आमच्यासमोर अंगठा दिला आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.
साक्षीदार: १. गोपिका रामटेके (सही) २. गोपाळराव वासनिक (सही)
लिहिणार: मार्तंड गजभिये (सही)

स्थळ: नागपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार